अडीच महिने येतो-जातो तो ताप : थंडी, घाम आणि हाडांचं दुखणं

आधी प्रश्न थोडक्यात. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंच्या मिस्टरांना, वय ४१, अडीच महिन्यांपासून ताप येतोय. दुपार कलली की अंगात कसर वाटते, संध्याकाळी हुडहुडी भरते, दोन गोधड्या घेतल्या तरी थंडी जात नाही. मध्यरात्रीनंतर दरदरून घाम सुटतो, बनियन आणि उशी भिजते. सकाळी माणूस उठून धारा काढायला जातो. असं आठ-दहा दिवस चालतं, मग चार-सहा दिवस काहीच नाही, मग पुन्हा तेच. कंबर आणि डावा खुबा आतून ठणकतो. वजन सहा किलोने उतरलंय. विडाल टेस्ट दोनदा पॉझिटिव्ह आली, टायफॉइडचे दोन कोर्स झाले, सलाईन झाली, नंतर मलेरियाची तीन दिवस इंजेक्शनं झाली. दर वेळी आठवडाभर बरं वाटतं आणि परत येरे माझ्या मागल्या. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘घरी चार म्हशी, दोन गाई आहेत, कामाला दुसरं कोणी नाही. हे नक्की काय आहे? कॅन्सर तर नाही ना?’

ताई, कॅन्सरचं आधी सांगतो, कारण तुमचं मन तिथेच अडकलेलं असणार. तो यादीत आहे, पण पहिल्या तिनात नाही. तुमच्या पत्रात माझं लक्ष गेलं ते शेवटच्या ओळीवर. म्हशी-गाईंचं तुम्ही घरची अडचण म्हणून लिहिलंत, पण मला आजाराचा सगळ्यात मोठा धागा तिथेच दिसतो. माझी प्रॅक्टिस दूधपट्ट्यातली, तालुक्याच्या गावातली. इथे अशी हकिकत ऐकली की माझ्या मनात क्रम लागतो तो असा: पहिला ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला लागणारा एक जंतू), दुसरा मणक्याचा क्षय, तिसरा अर्धवट उपचार झालेला व्हायव्हॅक्स मलेरिया. मग हृदयाच्या झडपेवर बसलेला जंतुसंसर्ग, आणि त्यानंतर रक्ताचे व लसीकाग्रंथींचे कॅन्सर. पेशंट न बघता लावलेला हा क्रम आहे. तपासणाऱ्याच्या हाताला मानेत एखादी गाठ लागली, तर तो तिथल्या तिथे बदलेल.

आज एवढंच करा: पुढचं अँटिबायोटिक सुरू करू नका. खाली सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर योग्य तपासण्या होईपर्यंत चार दिवस थांबलात म्हणून काही बिघडत नाही. उलट अडीच महिन्यांत जे बिघडलंय ते न थांबल्यामुळेच. दोन गोळ्या पोटात गेल्या की रक्तातले जंतू दबतात, कल्चरमध्ये (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत) काही उगवत नाही, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. आणि आजार मात्र हाडात, प्लीहेत, यकृतात बसून राहतो. त्यातही ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवर थोडीफार चालतात. क्षय बरा होत नाही, फक्त काही आठवडे झाकला जातो. कंबरदुखी आणि संध्याकाळचा ताप असलेल्या माणसाला ती पुन्हा पुन्हा देणं मला अजिबात पटत नाही.

विडालबद्दल स्पष्टच बोलतो. ही तपासणी १८९६ सालची आहे. ती जंतू दाखवत नाही, जंतूंविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं दाखवते. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे की धडधाकट माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात, आणि दुसऱ्याच तापातही आकडा वर जातो. म्हणून एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइडचं निदान करू नये, आणि अडीच महिन्यांच्या तापात तर नाहीच. टायफॉइड साधारण तीन-चार आठवड्यांत एका बाजूला लागतो, कधी एकदा उलटतो. आठ दिवस ताप आणि पाच दिवस सुट्टी असा अडीच महिने खेळ करणं त्याच्या स्वभावात नाही. तरी खेड्यातल्या प्रत्येक लांबलेल्या तापावर ‘टायफॉइड मुरलाय’ हा शिक्का बसतो, कारण विडाल स्वस्त आहे आणि तासाभरात होते.

आता थंडी आणि घाम. हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच तापाची ती चढण आणि उतरण आहे. जंतूंमुळे रक्तात काही रसायनं सुटतात, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला पोचतात आणि केंद्र आपली पातळी ९८ वरून समजा १०३ वर नेतं. अंग अजून ९८ वरच असतं, म्हणून शरीराला वाटतं आपण गारठलोय. कातडीकडचा रक्तपुरवठा आवळला जातो, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, दात वाजतात. पुढे पातळी खाली आली की साठलेली उष्णता बाहेर टाकायला घाम येतो. पॅरासिटामॉलही ही पातळी खाली ओढते, त्यामुळे रात्री नऊला गोळी आणि अकराला घाम असं असेल तर तो घाम बराचसा गोळीचा आहे. गोळी न घेताही पहाटे कपडे बदलावे लागतात का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. आणि दात वाजेपर्यंत, खाट हलेपर्यंत थंडी भरते की नुसतं अंगावर शहारे येतात? खाट हलवणारी थंडी असेल तर जंतू रक्तात उतरलेत, मलेरिया आहे किंवा कुठेतरी पू साठलाय, असं आम्ही धरून चालतो.

एक वही करा. डिजिटल थर्मामीटर घ्या, सकाळी ७, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला ताप मोजा, थंडी भरेल तेव्हा वेगळा मोजा. काखेत मोजला तर ‘काखेत’ असं लिहा, तिथला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. आपल्या मनाने अर्धा-एक डिग्री मिळवू नका. शेजारी गोळीची वेळ, घाम, आणि कपडे बदलले का ते. मागच्या पानावर आजवरच्या औषधांची पाकिटं कापून चिकटवा. ‘लाल-पिवळी कॅप्सूल होती’ यावरून मला काही कळत नाही. पाकिटावरचं नाव, रोजचे डोस आणि किती दिवस घेतलं एवढं असलं की अर्धा तास वाचतो. इंजेक्शनात स्टेरॉइड होतं का तेही विचारून लिहा. अंगदुखीच्या ‘पॉवर’च्या इंजेक्शनात डेक्सामेथासोन सर्रास असतं, त्याने दोन दिवस ताप आणि दुखणं जादूसारखं जातं आणि मग दोन्ही परत येतात. तुम्ही लिहिलेलं ‘आठवडाभर बरं’ यातलं काही त्यातलंही असू शकतं.

मलेरियाचं प्रकरण लवकर उरकतं, म्हणून आधी ते. व्हायव्हॅक्समध्ये थंडी, ताप, घाम ही पाळी साधारण ४८ तासांनी येते, म्हणजे दिवसाआड. पण ताप नवा असताना रोजही येतो. याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. रक्तातले परजीवी मारणारं औषध यकृतातल्यांना लागू पडत नाही, त्यासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. तीन दिवसांची इंजेक्शनं झाली आणि प्रायमाक्वीन कोणी दिलंच नाही, असं खूपदा घडतं. मात्र ही गोळी मनाने आणून घेऊ नका. जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात, लघवी काळपट चहासारखी होते. ती तपासणी आधी करून घ्यावी. ताप चढत असताना काचपट्टीवर रक्त घेऊन दोन-तीनदा तपासलं आणि परजीवी मिळाले नाहीत, तर मलेरिया मागे पडतो. तुमच्या मिस्टरांच्या खुब्याचं एका बाजूचं ठणकणं तसंही मलेरियात नीट बसत नाही. मलेरियात सगळंच अंग मोडून येतं.

आता ब्रुसेला. ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर डेव्हिड ब्रूस याने १८८७ साली माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. तो येतो कुठून हे मात्र १९०५ पर्यंत कळत नव्हतं. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी तिथल्या बकऱ्यांचं रक्त तपासलं, आणि धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या बकऱ्यांच्या दुधातून सैनिकांना ताप येतो हे उघड झालं. ते दूध बंद केल्यावर सैन्यातला ताप झपाट्याने उतरला. आपल्याकडे गाई-म्हशींमध्ये याचा जो प्रकार आहे त्यात जनावर वरून ठीकच दिसतं. खुणा दोनच: पाचव्या महिन्यानंतर, बहुधा शेवटच्या तिमाहीत गाभडणं (गर्भ पडणं), आणि व्यायल्यावर वार (गर्भाची नाळ-आवरणं) अडकणं. पहिल्या वेतात गाभडलेली म्हैस पुढच्या वेतांत नीट विते, म्हणून मालक विसरून जातो. पण ती जंतू दुधातून आणि विण्याच्या वेळी टाकतच राहते.

तेव्हा मला तुम्हाला विचारायचंय: गेल्या सहा महिन्यांत गोठ्यात कुणी गाभडलं का? बाहेरून नवीन जनावर आणलं का? वार पडली नाही म्हणून मिस्टरांनी हात घालून काढली का? हे काम कसं चालतं ते मी पाहिलंय. रात्री दोनला म्हैस अडते, डॉक्टर फोन उचलत नाहीत, माणूस बाही खांद्यापर्यंत सारतो, हाताला गोडंतेल लावतो आणि कोपराच्या वर आत जातो. बोटांना विळ्याने ऊस-मका कापताना झालेल्या चिरा असतात, नखाजवळची कातडी फाटलेली असते. गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि गर्भजलात जंतूंचं प्रमाण प्रचंड असतं. नंतर हात हौदावर धुतले जातात, फार तर साबण लागतो. आपल्याकडे दूध उकळूनच घेतात, त्यामुळे ब्रुसेलाचा माझ्या पेशंटांतला मोठा रस्ता हाच आहे. दुसरा रस्ता धारोष्ण दुधाचा. कोल्हापूरकडे कासेखाली पेला धरून दूध पिण्याची हौस आहे, तालमीतल्या पोरांना ते ताकदीचं वाटतं. ताकद तेवढीच मिळते जेवढी उकळलेल्या दुधाने मिळते. खरवस वाफवलेला असतो, त्याची भीती नाही. कच्चा चीक पिऊ नये.

जंतू शिरल्यावर बहुतेक वेळा एक ते चार आठवड्यांत, पण कधी काही महिन्यांनी ताप सुरू होतो. लाटेसारखा येतो-जातो, संध्याकाळी चढतो. घाम भरपूर, त्याला कधी आंबूस वास. माणूस दिवसा चालता-फिरता असतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं हा टंगळमंगळ करतोय. उदासी येते, चिडचिड होते, झोप उडते. आणि दुखणं येतं ते नेमकं तुम्ही सांगितलंत तिथे: कमरेचे मणके, आणि कमरेच्या खाली ढुंगणाच्या वरच्या बाजूचा सांधा, ज्याला लोक ‘खुबा’ म्हणून दाखवतात. पुरुषांत एका बाजूचं वृषण सुजून दुखू शकतं. हे माणूस बायकोलाही सांगत नाही आणि डॉक्टरलाही नाही, त्यामुळे तुम्हीच विचारा. तपासणीत हाती लागतं थोडंच: प्लीहा जराशी वाढलेली, पांढऱ्या पेशी कमी किंवा नॉर्मल, यकृताची एन्झाइम्स थोडी वर. टायफॉइडही कागदावर असाच दिसतो, म्हणून दोघांची गल्लत होते.

निदानासाठी रक्तातली ब्रुसेलाची ॲग्लुटिनेशन टेस्ट आणि ब्लड कल्चर. पहिलीत १:१६० (म्हणजे नमुना १६० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) किंवा वर आकडा आणि सोबत अशी लक्षणं असली तर निदान जवळपास झालं. पण प्रतिद्रव्यं फार जास्त असली की कमी पातळ केलेल्या नमुन्यात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. लॅबला नमुना आणखी पातळ करून बघायला सांगावं लागतं. कल्चरच्या चिठ्ठीवर डॉक्टरांना ‘ब्रुसेलाचा संशय’ असं ठळक लिहायला सांगा. त्याची दोन कारणं. हा जंतू सावकाश वाढतो, बाटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवाव्या लागतात. आणि हवेतून उडून तो लॅबमधल्या माणसाला लागतो, त्यांना आधी कळलं तर ते काळजी घेतील.

मणक्याचा क्षय मात्र ब्रुसेलाच्या शेजारीच उभा आहे आणि दोघांना वेगळं करणं हे या सगळ्यातलं खरं अवघड काम. संध्याकाळची कसर, रात्रीचा घाम, वजन उतरणं, पाठदुखी: सगळं दोन्हीकडे सारखं. खोकला असायलाच हवा असं नाही. ओपीडीत मी पेशंटला पालथं झोपवून मणक्यांवरून एकेक करत बोटाने ठोकत जातो. स्नायूंच्या दुखण्यात माणूस ‘इथे पण, तिथे पण’ म्हणतो. हाडाच्या आजारात एका ठराविक मणक्यावर बोट पडलं की अंग आकसतं. क्षय जास्त करून पाठीच्या मधल्या-खालच्या भागात बसतो, मणक्याचं हाड खातो, बाजूला पू साठवतो, पुढे कुबड येतं. ब्रुसेलाला कमरेचा भाग आणि तो खालचा सांधा प्रिय. पण हे ढोबळ आहे, आणि सुरुवातीला एक्स-रे दोन्हींत नॉर्मल येतो. कमरेचा आणि त्या सांध्यांचा एमआरआय केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मणक्यात काही दिसलंच तर सुई घालून नमुना घ्यावा आणि तो क्षयाच्या कल्चरला, सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (क्षयाचा जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या तपासण्या), आणि सूक्ष्मदर्शकाखाली अशा तिन्ही ठिकाणी पाठवावा. सरकारी क्षयरोग केंद्रात ट्रूनॅट मोफत होते.

घाई न करण्याचं आणखी एक कारण इथे आहे. ब्रुसेलाच्या उपचारात रिफाम्पिसिन आणि कधी स्ट्रेप्टोमायसिन वापरतात, ही दोन्ही क्षयाचीही औषधं. निदान न करता ‘बघू या’ म्हणून ब्रुसेलाची औषधं दिली आणि आत क्षय असला, तर पहिले काही आठवडे बरं वाटेल, आणि मग औषधाला दाद न देणारा क्षय पदरात पडू शकतो.

झडपेचा संसर्ग मी चौथा ठेवला तरी तो चुकवून चालत नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कधी कोणी ‘झडप खराब आहे’ म्हटलं होतं का, अलीकडे दात काढला का? हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली किंवा कल्चरमध्ये काही उगवलं तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच. यासाठीच कल्चर एकच बाटली भरून करायचं नसतं. वेगवेगळ्या जागांहून, काही वेळाच्या अंतराने, तीनदा रक्त घ्यावं, आणि औषधाआधी. ब्रुसेलासुद्धा क्वचित झडपेवर बसतो, आणि त्यातून होणारे मृत्यू जास्त करून तिथलेच.

कॅन्सरची भीती ज्या लक्षणांमुळे वाटते ती खरीच त्याचीही आहेत. लसीकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये ताप, कपडे पिळण्याइतका रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं या तीन गोष्टी एकत्र विचारल्या जातात. मिस्टरांचं आधीचं वजन ७० च्या आसपास असेल तर सहा किलो म्हणजे या रेषेच्या अगदी जवळ. म्हणून मान, काख, जांघ नीट चाचपून घ्या आणि पोटाची सोनोग्राफी करा. न दुखणारी, रबरासारखी, महिनाभर टिकलेली गाठ असेल तर ती पूर्ण काढून तपासावी. नुसत्या सुईच्या नमुन्यावर समाधान मानू नये. रक्ताच्या कॅन्सरसाठी साधा सीबीसी आणि काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलेल्या पेशी, एवढ्याने पुष्कळ कळतं. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर हाडं पोखरतो, पण तो बहुधा पन्नाशीनंतरचा, आणि त्यात तापापेक्षा पाठदुखी, हिमोग्लोबिन घसरणं आणि किडनी बिघडणं पुढे असतं.

हेच पत्र दुसऱ्या कुणाकडून आलं असतं तर माझा क्रम वेगळा असता. नंदुरबार, गडचिरोलीकडून आलं असतं आणि पंचविशीच्या आतल्या मुला-मुलीचं असतं, तर हाडं ठणकण्याचे झटके ऐकल्याबरोबर मी आधी सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी सांगितली असती. थंडी-पावसात, पाणी कमी पडलं की हे झटके येतात आणि सोबत तापही असतो. वर्धा-चंद्रपूरकडून ‘थंडी वाजून ताप, आणि दर वेळी तोच पाय लाल होऊन सुजतो’ असं आलं असतं, तर हत्तीरोग. पावसाळ्यानंतर विदर्भातल्या शेतकऱ्याला आठवड्याभराचा कडक ताप असता, तर काखेत-जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपल्याचा डाग शोधला असता, म्हणजे स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. पाच वर्षांचं पोर रात्री पाय दुखतात म्हणून रडत असतं, फिकट पडलेलं असतं, अंगावर लाल ठिपके असते, तर ‘वाढीचं दुखणं’ न म्हणता त्याच दिवशी सीबीसी. अठ्ठेचाळिशीच्या बाईला छातीतून गरम लाट वर चढून घाम आणि मग गारवा असं असतं, थर्मामीटरवर ताप कधीच दिसला नसता, तर पाळी जाण्याच्या वयातला बदल, सोबत थायरॉइड बघून घ्यायचं. इन्शुलिन घेणाऱ्याला पहाटे घाम येत असता, तर आधी साखर. आणि चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात हे १९७३ च्या बार्शीच्या साथीपासून महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्यात ताप परत परत येत नाही.

तुमच्या बाबतीत पहिल्या खेपेला एवढं करून घ्या: सीबीसी आणि पेशींची पट्टी, ताप असताना मलेरियाची पट्टी, सीआरपी, यकृत-किडनी-साखर, लघवी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, तीन ब्लड कल्चर, ब्रुसेलाची टेस्ट. सोनोग्राफीत यकृतातलं गळूही कळेल. ते उजव्या कुशीत दुखवतं आणि असाच थंडी-घाम देतं. मग एमआरआय. बाजारात ‘फीव्हर पॅनेल’ मिळतं, पण त्यात ब्रुसेला असतोच असं नाही. यादी वाचून पैसे भरा. हे सगळं एमडी मेडिसिन डॉक्टरांच्या हाताखाली, एकाच ठिकाणी व्हावं. चार दवाखान्यांत चार तुकडे केले की कोणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

ब्रुसेला निघाला तर उपचार आहेत आणि माणूस बरा होतो. नेहमीचा मार्ग म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफाम्पिसिन रोज, सहा आठवडे. किंवा डॉक्सिसायक्लिनबरोबर सुरुवातीचे काही दिवस इंजेक्शनं. मणका धरला असेल तर किमान तीन महिने. दहा-बारा दिवसांत ताप जातो आणि तिथेच घोळ होतो, लोक गोळ्या बंद करतात. हा जंतू पेशींच्या आत लपतो. लवकर सोडलं तर उलटतोच, आणि पूर्ण कोर्स करूनही काही जणांत उलटतो, म्हणून वर्षभर अधूनमधून दाखवत राहायचं. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध त्या वेळी नको, दोन तास मध्ये जाऊ द्या. दूधवाल्याच्या घरात हे सांगितलं की सगळे हसतात. रिफाम्पिसिनने लघवी नारंगी होते, ती कावीळ समजून गोळी सोडू नका.

तपासण्यांची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायची लक्षणं ही: पायांत बळ कमी होणं किंवा मुंग्या येऊन बधिर होणं, लघवी तुंबणं, बरळणं किंवा गुंगी, धाप, हातपाय गार पडून बीपी उतरणं, डोळे पिवळे होणं, कुठूनही रक्त येणं. मणक्यातला पू मज्जारज्जूवर दाबला तर काही तासांचा उशीरही महाग पडतो.

तुम्ही स्वतः गरोदर असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर गाभडलेल्या जनावराच्या जवळ जाऊ नका आणि तुमचीही टेस्ट करून घ्या. गरोदरपणी ब्रुसेलाने गर्भपात होऊ शकतो आणि डॉक्सिसायक्लिन त्या काळात चालत नाही, औषधं वेगळी द्यावी लागतात. घरात मुलं कच्चं दूध पीत असतील तर आजपासून बंद. मिस्टरांपासून तुम्हाला जेवण्या-बसण्यातून हा आजार लागत नाही, ताट वेगळं करू नका.

शेवटी गोठा. माणूस बरा झाला आणि म्हैस तशीच राहिली तर पुढच्या वेताला पुन्हा तेच. पशुवैद्यकांना सांगून सगळ्या जनावरांचं रक्त तपासा. नमुने पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. जनावराला औषध देऊन हा आजार मुळापासून जात नाही, म्हणून पॉझिटिव्ह जनावराचं काय करायचं ते पशुवैद्यकांशी बोलूनच ठरवा. ते बाजारात विकलं की दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात जातं. व्यायल्यावर पडलेली वार उकिरड्यावर, कालव्यात टाकायची नाही, वडाला बांधायची नाही. खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरायची, कुत्र्यांनी उकरणार नाही अशी. हात घालायची वेळ आलीच तर खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतात, दोन-चार जोड गोठ्यात टांगून ठेवा. चार ते आठ महिन्यांची रेडी किंवा कालवड असेल तर तिला ब्रुसेलाची लस एकदाच टोचून घ्या. २०१९ पासून केंद्राच्या जनावरांच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. ही लस जिवंत जंतूंची असते, तेव्हा टोचताना रेडी धरायला मिस्टरांना पाठवू नका, आणि जो धरेल त्याच्या हातात मोजे असू द्या.